मेजर लीग बेसबॉल आणि स्टेरॉईड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी बेसबॉलवर मराठीत लिहिताना सर्वांत जास्त विचारणा होते ती याच विषयाची. काही प्रश्न न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या आईवडिलांचे असतात, ज्यांची मुलं शाळेच्या संघात खेळतात. काही पुण्या-मुंबईतल्या क्रिकेटप्रेमींचे, ज्यांनी बॅरी बॉन्ड्सचं नाव ऐकलंय पण पुढचं-मागचं माहीत नाही. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अपवाद आणि पळवाटा नंतर. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या आईला दम्यासाठी डॉक्टर स्टेरॉईडच देतात. खेळाडू घेतात ते हेच का?

नाही. दम्याचा पंप, गुडघ्यात देतात ते इंजेक्शन, कोविडच्या काळात घराघरांत पोचलेलं डेक्सामेथासोन ही सगळी कॉर्टिकोस्टेरॉईड. ती सूज आणि दाह कमी करतात, आणि फार दिवस घेतली तर स्नायू उलट क्षीण होतात. बेसबॉलपटू खांद्यात, मनगटात कॉर्टिसोनची इंजेक्शनं उघडपणे घेतात, त्यावर बंदी नाही. वाद आहे तो अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईडचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याच्यावरून प्रयोगशाळेत बनवलेली स्टॅनोझोलॉल, नँड्रोलोन, क्लोस्टेबॉल यांसारखी द्रव्यं. आईचं औषध या बातम्या वाचून कृपया बंद करू नका.

२. स्टेरॉईड घेऊन कोणी चेंडू नीट मारायला शिकतो का? मग फायदा काय?

ताशी दीडशे किलोमीटरच्या चेंडूला बॅट लावण्याचं कसब कोणत्याही सुईतून येत नाही. या द्रव्यांमुळे स्नायूंच्या पेशी जास्त प्रथिनं बनवतात, ताकद वाढते आणि व्यायामानंतरची झीज लवकर भरून येते. ताकद वाढली की बॅट थोडी वेगाने फिरते. बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग तीन-चार टक्क्यांनी जरी वाढला, तरी कुंपणाच्या अलीकडे झेल होणारा फटका पलीकडे जाऊन पडतो. ज्याच्याकडे कसब आधीच आहे त्याला हा फरक प्रचंड लाभतो. शिवाय मेजर लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि सहा महिन्यांत सुट्टीचे दिवस मोजकेच मिळतात. ऑगस्टच्या उकाड्यात शरीर एप्रिलइतकं ताजं ठेवणं हा अनेकांच्या लेखी खरा फायदा होता.

३. म्हणजे हे फक्त बॅटरांचं प्रकरण?

तसा समज आहे, पण तो चुकीचा आहे. दर पाच दिवसांनी शंभरेक चेंडू फेकणाऱ्या पिचरला झीज भरून येण्याची गरज बॅटरइतकीच असते, किंबहुना जास्त. मिचेल अहवालात (प्रश्न ८) सर्वांत गाजलेलं नाव पिचर रॉजर क्लेमन्सचं होतं, आणि बंदी भोगलेल्यांच्या यादीत पिचर भरपूर आहेत.

४. शरीरावर दुष्परिणाम काय होतात?

बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन भरपूर मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात, पुरुषांना स्तनवाढ होऊ शकते. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. गोळ्यांच्या रूपात घेतलेल्या द्रव्यांचा यकृतावर ताण पडतो. स्वभावात चिडचिड येते, आणि औषध अचानक सोडल्यावर खोल नैराश्य येऊ शकतं. हे शेवटचं सर्वांत कमी बोललं जातं. वाढीच्या वयातल्या मुलांचा धोका वेगळा आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

५. त्या काळी स्टेरॉईडवर बंदीच नव्हती, असं चाहते म्हणतात. खरं आहे?

बंदी होती, चाचणी नव्हती. अमेरिकी संसदेने १९९० मध्ये कायदा करून अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड नियंत्रित औषधांच्या यादीत घातली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती बाळगणं गुन्हा झाला. जून १९९१ मध्ये बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, फे व्हिन्सेंट यांनी सर्व संघांना परिपत्रक पाठवून स्टेरॉईड निषिद्ध असल्याचं कळवलं. पण खेळाडू संघटनेशी करार झाल्याशिवाय कोणाचीही लघवी तपासायचा अधिकार लीगला नव्हता. त्यामुळे परिपत्रक भिंतीवर राहिलं. ‘तेव्हा चालायचं’ हे वाक्य वस्तुस्थितीचं वर्णन म्हणून ठीक आहे, बचाव म्हणून नाही.

शक्तिवर्धकांचा शोध मात्र त्याहून कितीतरी जुना. पड गॅल्विन या पिचरने १८८९ मध्ये प्राण्यांच्या वृषणापासून बनवलेला अर्क टोचून घेतल्याची नोंद आहे, आणि पुढे कित्येक दशकं अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या लॉकर रूममध्ये सर्रास मिळायच्या. त्यांच्यावर चाचणीसह बंदी आली ती थेट २००६ मध्ये.

६. सगळ्यांना दिसत होतं, तर कोणी थांबवलं का नाही?

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर खेळाडूंपाशी संपत नाही.

ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडू संपावर गेले, हंगाम बंद पडला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम लढत, रद्द झाली. दोन महायुद्धांतही न थांबलेली ही स्पर्धा पैशाच्या भांडणावरून थांबली, याचा लोकांना संताप आला. पुढच्या वर्षी मैदानं ओस पडली. १९९८ मध्ये सेंट लुइसचा मार्क मॅग्वायर आणि शिकागोचा सॅमी सोसा यांच्यात होम रनची, म्हणजे कुंपणापलीकडे मारलेल्या फटक्यांची, शर्यत लागली, तेव्हा प्रेक्षक परतले. रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा ६१ होम रनचा विक्रम दोघांनीही मोडला. मॅग्वायरने ७० केले, सोसाने ६६. मालकांची तिकिटं खपली, वाहिन्यांना प्रेक्षक मिळाले, वर्तमानपत्रांना रोजची बातमी.

त्याच उन्हाळ्यात एका वृत्तसंस्थेच्या वार्ताहराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टीनडायोनची बाटली दिसली. शरीरात गेल्यावर त्याचं टेस्टोस्टेरॉन बनतं. ऑलिंपिक आणि अमेरिकी फुटबॉलमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती आणि दुकानात ते खुलेआम मिळे. बातमी छापून आल्यावर टीकेची झोड मात्र उठली ती वार्ताहरावर. दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतोच कसा, म्हणून!

मालकांना पैसा दिसत होता. खेळाडू संघटना खासगीपणाच्या हक्काचा हवाला देऊन चाचणीला विरोध करत होती. त्यात तथ्यही होतं, पण तिच्याच सभासदांच्या तब्येतीचं काय, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला. पत्रकारांना गोष्ट आवडली होती आणि आपल्यासारख्या प्रेक्षकांनाही. कोंडी फुटली ती २००२ मध्ये, जेव्हा १९९६ चा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या केन कॅमिनिटीने आपण स्टेरॉईड घेत होतो हे मासिकाच्या मुलाखतीत नावानिशी सांगून टाकलं.

७. बाल्को प्रकरण काय होतं?

कॅलिफोर्नियात बर्लिंगेम इथे व्हिक्टर कॉन्टे यांची पूरक आहार विकणारी बाल्को नावाची छोटी कंपनी होती. तिथून खेळाडूंना टीएचजी हे असं स्टेरॉईड मिळे, जे कोणत्याच चाचणीत सापडत नव्हतं, कारण ते अस्तित्वात आहे हेच प्रयोगशाळांना ठाऊक नव्हतं. २००३ मध्ये एका धावपटूंच्या प्रशिक्षकाने वापरलेली सुई डोपिंगविरोधी संस्थेकडे पाठवली आणि लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांच्या चमूने ते द्रव्य ओळखलं. त्याच वर्षी कंपनीवर धाड पडली.

बॅरी बॉन्ड्सचा व्यायाम प्रशिक्षक ग्रेग अँडरसन या जाळ्यात होता. बॉन्ड्सने २००१ मध्ये एका हंगामात ७३ होम रन केले होते आणि २००७ मध्ये हँक अ‍ॅरनचा कारकिर्दीतला ७५५ चा विक्रम मागे टाकून तो ७६२ वर थांबला. ग्रँड ज्युरीसमोर त्याने सांगितलं की, आपण जाणूनबुजून स्टेरॉईड घेतलं नाही. त्यावरून खटला झाला, २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकालही रद्द केला.

८. मिचेल अहवाल एवढा का गाजला?

कमिशनर बड सीलिग यांनी मार्च २००६ मध्ये माजी सेनेटर जॉर्ज मिचेल यांच्याकडे चौकशी सोपवली. १३ डिसेंबर २००७ रोजी ४०९ पानांचा अहवाल आला. त्यात ८९ आजी-माजी खेळाडूंची नावं होती. बरीचशी माहिती दोन माणसांकडून आली: न्यूयॉर्क मेट्सच्या लॉकर रूममध्ये काम केलेला कर्क रॅडॉम्स्की आणि क्लेमन्सचा प्रशिक्षक ब्रायन मॅकनामी. त्यांच्यासारखे आणखी पुरवठादार बोलले असते तर यादी किती लांबली असती, हा विचार अहवाल वाचताना सतत येतो.

लोकांनी नावं वाचली आणि पुस्तक मिटलं. मिचेल यांनी मात्र स्पष्ट लिहिलं होतं की कमिशनर, संघांचे अधिकारी, खेळाडू संघटना आणि खेळाडू या सर्वांचा दोषात वाटा आहे, आणि तिसांपैकी एकही संघ यातून सुटलेला नाही. अधिकाऱ्यांपैकी कोणाला एका सामन्याचीही बंदी झाली नाही. सीलिग स्वतः २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च मानकऱ्यांच्या यादीत, गेले.

९. ९० च्या दशकातले सगळे होम रन स्टेरॉईडचेच समजायचे का?

आकडे संशय घ्यायला लावतात. एका हंगामात ६० किंवा अधिक होम रन १९९७ पर्यंत फक्त दोनदा झाले होते, १९२७ मध्ये बेब रूथचे ६० आणि मॅरिसचे ६१. मग १९९८ ते २००१ या चार हंगामांत सहा वेळा, तेही तिघांच्याच बॅटमधून. त्यानंतर पुढचे साठ थेट २०२२ मध्ये आले, अ‍ॅरन जज ६२ वर पोचला तेव्हा.

तरी दुसरी बाजू पाहा. नवे संघ आल्याने पिचिंगचा दर्जा पातळ झाला होता, आटोपशीर मैदानं बांधली जात होती. आणि कडक चाचण्या असतानाही २०१९ मध्ये संपूर्ण लीगमध्ये मिळून ६,७७६ होम रन झाले, आजवरचे सर्वाधिक. त्यात चेंडूच्या बांधणीचा मोठा हात होता. म्हणून व्यक्तिगत विक्रमांबद्दल मी साशंक आहे, पण त्या काळातल्या प्रत्येक फटक्यावर शिक्का मारणं अन्याय ठरेल.

१०. आज चाचणी कशी होते आणि शिक्षा किती?

हंगामात आणि हंगामाबाहेरही, न कळवता, लघवी आणि रक्त दोन्ही तपासलं जातं. रक्त मुख्यतः वाढीच्या संप्रेरकासाठी. लघवीत टेस्टोस्टेरॉनचं एपिटेस्टोस्टेरॉनशी प्रमाण पाहतात. संशय आला तर कार्बनच्या समस्थानिकांवरून ते शरीरातलं आहे की बाहेरून दिलेलं, हे कळतं.

शिक्षा टप्प्याटप्प्याने वाढल्या. २००५ च्या सुरुवातीला पहिल्या गुन्ह्याला जेमतेम दहा दिवस होते. त्या वर्षी मार्चमध्ये संसदेच्या समितीसमोर बोट रोखून ‘मी कधीच घेतलं नाही’ म्हणणारा राफाएल पाल्मेरो ऑगस्टमध्ये स्टॅनोझोलॉल सापडून निलंबित झाला, तो दहाच दिवसांसाठी. २००६ च्या हंगामापासून ५० सामने, १०० सामने, मग आजीवन बंदी. २०१४ पासून पहिल्यांदा ८० सामने, दुसऱ्यांदा १६२ म्हणजे पूर्ण हंगाम, तिसऱ्यांदा आजीवन. बंदीच्या काळात पगार नाही, आणि त्या वर्षीच्या बाद फेरीत खेळताही येत नाही.

करार मात्र रद्द होत नाही. रॉबिन्सन कॅनोवर दुसरी बंदी आली तेव्हा २०२१ च्या हंगामाचे सुमारे २.४ कोटी डॉलर गेले, पण उरलेल्या वर्षांचे पैसे त्याला मिळालेच. संघांना ही तरतूद खुपते. माझ्या मते ती सोडली तर शिक्षा संघांच्या हातातलं हत्यार बनेल: नकोसा झालेला महागडा खेळाडू अडकला की सुटका.

११. स्वच्छ खेळलेल्यांचं नुकसान कसं मोजायचं?

मोजता येत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. मेजर लीगच्या संघात सक्रिय जागा २६ (तेव्हा २५). त्याच्या एक पायरी खाली ट्रिपल-ए. १९९८ मध्ये वरचा किमान पगार वर्षाला १,७०,००० डॉलर होता; खाली महिन्याला काही हजार, तेही फक्त हंगामापुरते. आजही दरी तशीच आहे: २०२५ मध्ये वरचा किमान पगार ७,६०,००० डॉलर, तर २०२३ च्या करारानुसार ट्रिपल-एमध्ये वर्षाला ३५,८०० पासून सुरुवात.

या दोन पायऱ्यांमध्ये तीस वर्षांचा, घरसंसार असलेला, नियम पाळणारा खेळाडू उभा आहे आणि पंचविसावी जागा सुई घेणाऱ्याने मिळवली, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. हा माणूस हॉल ऑफ फेमच्या वादात नसतो, त्याच्या नावाचा विक्रम नसतो. तो गावी परत जाऊन दुसरी नोकरी धरतो. बॉन्ड्सचं नाव विक्रमात राहावं की नाही यावर वीस वर्षं वाद चालू आहे. या माणसाला काय द्यायचं, यावर एकही बैठक झाल्याचं ऐकिवात नाही. सुई घेणाऱ्यांपैकीही बहुतेक जण तारे नव्हते. पंचविसाव्या जागेसाठी झुंजणारे, दुखापतीतून उठू पाहणारेच जास्त होते. त्यांच्यावर दबाव होता हे मान्य करूनही, तोच दबाव सोसून नाही म्हणणारे होते, हे विसरता येत नाही.

१२. आम्ही अमेरिकेत राहतो, मुलगा हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळतो. प्रोटीन पावडर चालेल का? कशाकडे लक्ष ठेवू?

वाढीच्या वयात अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉईड घेतली तर हाडांच्या टोकांची वाढ वेळेआधी बंद होऊ शकते. उंची तिथेच थांबते. नैराश्याचा धोकाही या वयात जास्त. टेक्सासमधल्या प्लेनो इथल्या एका सतरा वर्षांच्या पिचरने २००३ मध्ये, स्टेरॉईड सोडल्यानंतरच्या आठवड्यांत आत्महत्या केली. त्याच्या वडिलांनी २००५ मध्ये संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली आणि आपलं पुढचं आयुष्य मुलांना सावध करण्यात घातलं.

साधी दह्या-दुधातली प्रथिनं पावडरीतून घेण्यात गैर नाही, पण अमेरिकेत पूरक आहार विक्रीला येण्याआधी सरकार तपासत नाही. ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असा शिक्का असलेलंच घ्या. थोड्या महिन्यांत भराभर वाढलेलं वजन, पाठीवर फोड, एकाएकी येणारे रागाचे झटके दिसले तर रागावण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मुलाने स्टेरॉईड घेतल्याचं कबूल केलं, तर ती डॉक्टरच्या देखरेखीशिवाय झटक्यात बंद करू देऊ नका, आणि त्या दिवसांत त्याला एकटं पाडू नका. ‘अजून थोडा वजनदार हो, मग निवड होईल’ असं प्रशिक्षक म्हणाला, तर त्याच्याशी तुम्हीच बोला.

१३. डॉमिनिकन खेळाडू जास्त का सापडतात?

गरिबी आणि वय. डॉमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन देशातल्या मुलाशी मेजर लीगचे संघ सोळाव्या वर्षी करार करतात. त्याला त्या वयापर्यंत घडवणारा खासगी प्रशिक्षक करारावर मिळणाऱ्या रकमेत वाटा घेतो. चेंडू थोडा जोरात गेला तर सगळ्या घराचं नशीब फिरतं. स्टेरॉईड तिथे औषधाच्या दुकानात सहज मिळत आली आहेत, जनावरांसाठीचीही. मुलाला आपल्या शरीरात काय जातंय हे अनेकदा ठाऊकही नसतं. शिक्षा होते ती मुलालाच.

१४. चुकून शरीरात गेलं तर? आपल्या पृथ्वी शॉचं तसंच झालं होतं ना?

मुंबईच्या पृथ्वी शॉला २०१९ मध्ये बीसीसीआयने आठ महिन्यांसाठी निलंबित केलं, ते टर्ब्युटालिनसाठी. ते खोकल्याच्या औषधात असतं आणि स्टेरॉईड नाही. अनवधानाने घेतल्याचं मान्य करूनही शिक्षा झाली, कारण शरीरात काय आहे याची जबाबदारी खेळाडूचीच, हा नियम आहे. बेसबॉलमध्येही तोच. सॅन डिएगोचा फर्नांडो टाटीस ज्युनियर २०२२ मध्ये क्लोस्टेबॉलसाठी सापडला. नायट्यावरच्या औषधातून ते गेलं, असं त्याचं म्हणणं होतं. तरी ८० सामन्यांची बंदी चुकली नाही.

आणखी एक साम्य: मेजर लीग जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या छत्राखाली नाही, तिचे नियम लीग आणि संघटना आपसांत ठरवतात. बीसीसीआयही ऑगस्ट २०१९ पर्यंत राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या बाहेरच होती.

१५. बॉन्ड्स आणि क्लेमन्स अखेर दोषी ठरले नाहीत, तरी हॉल ऑफ फेमबाहेर. डेव्हिड ऑर्टिझ मात्र आत. हा कुठला न्याय?

हॉल ऑफ फेमला न्यायालयाचा पुरावा लागत नाही. पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात आणि यादीत राहायला दहा वर्षं मिळतात. क्लेमन्स २०१२ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपांतून सुटला, बॉन्ड्सचा निकाल प्रश्न ७ मध्ये आहे. २०२२ या शेवटच्या वर्षी त्यांना अनुक्रमे ६५.२ आणि ६६ टक्के मतं पडली. ऑर्टिझ त्याच वर्षी पहिल्याच फेरीत निवडला गेला.

ऑर्टिझचं नाव आलं ते २००३ च्या चाचणीतून. ती निनावी पाहणी होती: पाच टक्क्यांहून जास्त खेळाडू सापडले तरच पुढे शिक्षेसह चाचणी सुरू होणार होती, आणि तसंच झालं. निकाल नष्ट व्हायला हवे होते. त्याआधीच बाल्कोच्या तपासात सरकारने ते जप्त केले आणि २००९ मध्ये काही नावं फुटली. २०१६ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड म्हणाले की, त्यातल्या दहाहून अधिक निकालांबद्दल शास्त्रीय शंका होती. म्हणून ऑर्टिझला संशयाचा फायदा देणं मला पटतं. पण ज्या सीलिग यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं ते आत आणि बॉन्ड्स बाहेर, हे पटत नाही.

१६. बंदी आलेला खेळाडू त्याच वर्षी फलंदाजीत अव्वल आला तर?

असं जवळजवळ झालं होतं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा मेल्की कॅब्रेरा ऑगस्टमध्ये निलंबित झाला तेव्हा त्याची सरासरी .३४६ होती. सर्वाधिक सरासरीच्या किताबासाठी ५०२ वेळा फलंदाजीला यावं लागतं; तो ५०१ वेळा आला होता. कमी पडलेली एक खेळी शून्य धरून सरासरी काढावी, असा नियम आहे, आणि तशी काढूनही तोच पहिला ठरत होता. त्याने स्वतःच विनंती केली आणि लीग व संघटनेने त्या हंगामापुरता नियम बदलला, किताब .३३६ सरासरीच्या बस्टर पोझीला गेला. मात्र ही विनंती करणाऱ्याच्याच एका सहकाऱ्याने आधी एका बनावट उत्पादनाची वेबसाइट विकत घेतली होती, दोष त्या न असलेल्या मलमावर टाकण्यासाठी.

१७. चाचणीत सापडूनही कोणी सुटलं आहे?

मिलवॉकीचा रायन ब्रॉन. २०११ चा त्याचा नमुना पॉझिटिव्ह निघाला, पण नमुने गोळा करणाऱ्याने ते लगेच कुरिअरला न देता जवळपास दोन दिवस घरी ठेवले होते. या कारणावरून फेब्रुवारी २०१२ मध्ये लवादाने त्याची बंदी उठवली. पुढच्याच वर्षी फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस या दवाखान्याच्या कागदपत्रांत त्याचं नाव सापडलं आणि त्याने ६५ सामन्यांची शिक्षा स्वीकारली. याच प्रकरणात अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला आधी २११ सामन्यांची बंदी झाली, ती लवादाने १६२ वर आणली. चाचणीत सापडल्याशिवाय, निव्वळ कागदोपत्री पुराव्यावर शिक्षा होऊ शकते हे तिथे दिसलं.

१८. आजीवन बंदी म्हणजे खरोखर आजीवन का?

अगदी तसं नाही. मेट्सचा पिचर हेन्री मेहिया फेब्रुवारी २०१६ मध्ये तिसऱ्यांदा सापडला आणि या नियमाखाली आजीवन बंदी झालेला पहिला खेळाडू ठरला. एक वर्षानंतर पुनर्विचाराचा अर्ज करता येतो, पण किमान दोन वर्षं बाहेर राहावंच लागतं. २०१८ मध्ये त्याला सशर्त परवानगी मिळाली, २०१९ मध्ये बॉस्टनने खालच्या लीगसाठी करारबद्ध केलं. मेजर लीगमध्ये तो परत खेळला नाही.